सैनिकाच्या पेटीतील कागद

(मानखुर्द येथील बुद्धविहारात वर्षावासाच्या काळात नवदीक्षित कुटुंबांपुढे एका वकील उपासकांनी केलेले भाषण.)



संयोजकांनी मला 'धम्मदीक्षा आणि आपले हक्क' असा विषय दिला आहे. वकील मनुष्य हक्कांवर बोलू लागला म्हणजे कलमे आणि पोटकलमे सांगत सुटतो आणि श्रोते छताच्या पंख्याकडे पाहू लागतात, असा माझा आजवरचा अनुभव आहे. म्हणून कलमे शेवटी ठेवतो. प्रथम युद्धाची हकीकत सांगतो. ही हकीकत सेनापतींची नाही, साध्या शिपायांची आहे. आणि तिचा तुमच्या घरातील माळ्यावर पडलेल्या पत्र्याच्या पेटीशी निकटचा संबंध आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांची मूळ गावे कोकणात किंवा सातारा-पुण्याच्या बाजूला आहेत. त्या भागातील कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसविलेली संगमरवरी पाटी आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धासाठी या गावातून इतके पुरुष गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. नाव कोणाचेच नसते. कोण गेला, कोणत्या आळीतून गेला, कोण परतला नाही, हे त्या पाटीला ठाऊक नाही. गावातील मोठ्या घराण्यांनी आपले शिपाई वंशावळीत नोंदवून ठेवले. आपल्या वस्तीतून गेलेला मात्र त्या आकड्यात विरघळून गेला. एका मूळ गावी मी अशी पाटी पाहात उभा असता एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारले, "साहेब, यात आमचा माणूस धरला आहे की नाही?" मला उत्तर देता आले नाही.

याच्या उलट भीमा कोरेगावचा स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनी सरकारच्या मुंबई पायदळाच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० शिपाई, काही घोडेस्वार व थोडेसे गोलंदाज दिवसभर लढले. त्या स्तंभावर मृतांची नावे कोरली आहेत. त्या ४९ नावांपैकी २२ नावे 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. परक्या सरकारने आपल्या विजयाचे स्मारक उभारले, त्यात आपल्या माणसांचा गौरव करण्याचा हेतू मुख्य नव्हता, हे मी मान्य करतो. ते शिपाई कोणत्या भावनेने लढले, पगारासाठी की मानासाठी, यावर विद्वान वाद करोत. परंतु कोणीतरी छिन्नी घेऊन नावे कोरली म्हणून शंभराहून अधिक वर्षांनी, १ जानेवारी १९२७ रोजी, पूज्य बाबासाहेब त्या स्तंभापुढे उभे राहू शकले. नुसता आकडा कोरला असता तर तेथे आपले कोण होते हे आज सिद्ध करता आले नसते.

आता त्या शिपायांच्या नातवंडांचे काय झाले ते ऐका. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई पिढ्यान् पिढ्या चाकरी करीत होते. पलटणीत मुलामुलींना सक्तीचे शिक्षण असे आणि वयस्कांसाठी रात्रशाळा असे. बाबासाहेबांचे पिताजी सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे महू येथील लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. ज्या समाजाला गावच्या शाळेत पायरीवरही बसू देत नसत, त्याच समाजाचा मनुष्य छावणीत हेडमास्तर होऊ शकत होता. असे असता १८९२ च्या सुमारास सरकारने फौजेची रचना जातवार करावयाचे ठरविले, काही जातींना लढवय्या म्हटले, काहींना त्या यादीतून वगळले, आणि महारांची भरती बंद झाली. कोणत्याही रणांगणावर आपल्या लोकांनी पाठ दाखविली होती असे नव्हे. स्पृश्य शिपाई अस्पृश्यांबरोबर एका पलटणीत राहण्यास नाखूश, आणि सरकारला गावातील जातिभेद छावणीत आणणे सोयीचे, एवढेच त्याचे कारण.

या एका हुकुमाने काय घडले याची कल्पना करा. पेन्शनवर आलेला सुभेदार गावी परतला. त्याच्या हुकुमाने कवायत केलेले लोक आता त्याची सावली टाळू लागले. त्याच्या मुलाला पलटण नाही, म्हणून पगार नाही, म्हणून रात्रशाळाही नाही. त्याला पुन्हा गावची महारकी आणि मेलेली ढोरे ओढणे एवढेच उरले. बंदुकीची लढाई संपली होती. येथून पुढे आपल्या लोकांनी जी लढाई केली ती शाईने आणि सह्यांनी केली, आणि माझ्या मते ती कोरेगावच्या लढाईहून अवघड होती, कारण ती जवळजवळ पन्नास वर्षे चालली.

दापोलीस स्थायिक झालेले निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी अनार्य दोष परिहारक मंडळीच्या वतीने १८९४ साली भरती पुन्हा सुरू करण्याविषयीचा अर्ज तयार केला. सुभेदार रामजींनी या कामी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतल्याचे बाबासाहेबांच्या चरित्रात नमूद आहे. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे, 'सोमवंशीय मित्र' या मासिकाचे संपादक, यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गावोगावच्या महारांना सासवड येथे एकत्र केले व दीड हजारांहून अधिक लोकांच्या नावांचा अर्ज सरकारकडे धाडला. पुढे १९१० साली दख्खनच्या महारांच्या परिषदेतर्फे थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. त्या दीड हजार नावांचा मी अनेकदा विचार करतो. त्यांतील बहुतेकांना लिहिता येत नसणार. कोणी अंगठा उठविला असेल, कोणी दुसऱ्याकडून नाव लिहवून घेतले असेल. सरकारदरबारी आपले नाव जाणार, पाटलाच्या कानावर ते गेले तर वतनावर संकट येणार, हे ठाऊक असता त्यांनी नाव दिले.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण आपण बौद्ध आहोत आणि पूर्वजांचीही चिकित्सा करावी असे आपल्याला शिकविले आहे. १८९४ च्या अर्जात आपले पूर्वज मूळचे क्षत्रिय होते, असे सांगून न्याय मागितला होता. त्या काळी दुसरी भाषा उपलब्ध नव्हती, म्हणून मी गोपाळबाबांना दोष देत नाही. 'विटाळ विध्वंसन' लिहिणाऱ्या त्या पुरुषाचे धैर्य फार मोठे होते. परंतु आम्ही पूर्वी वरच्या पायरीवर होतो म्हणून आम्हाला वर घ्या, असे म्हणण्यात पायऱ्या मान्य कराव्या लागतात. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तो जिनाच सोडून दिला.

अर्जांना यश आले ते युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागताच १९१७ साली भरतीचे दार उघडले आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली, आणि १९२१ साली ती पलटण मोडली. पुन्हा घरी, पुन्हा महारकी! दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर बाबासाहेबांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. जुलै १९४१ मध्ये त्यांची व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. कामठी येथे दुसरी बटालियन उभारली गेली. रेजिमेंटच्या पहिल्या चिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी खंजीर आला. काही बटालियन वायव्य सरहद्दीवर गेल्या, दुसरी बटालियन ब्रह्मदेशाच्या मोहिमेत होती व युद्धानंतर इराकमध्ये होती. १९४७ साली फाळणीच्या वणव्यात पंजाबच्या सीमेवर जी फौज ठेवली, तिच्यातही या रेजिमेंटचे जवान होते. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर पाणी भरू देत नव्हते, ते अनोळखी हिंदू, शीख व मुसलमान निर्वासितांच्या तांड्यांच्या रक्षणासाठी उभे होते. आज त्या रेजिमेंटमध्ये सर्व जातीधर्मांचे जवान आहेत.

हे झाले पुस्तकांत सापडणारे. आता पुस्तकात नसलेली एक हकीकत सांगतो. ती माझ्या एका अशिलाच्या घरची आहे. नाव सांगणार नाही. त्यांनी सांगण्यास परवानगी दिली आहे, ती नाव न घेण्याच्या अटीवर.

सातारा जिल्ह्यातील एक तरुण १९४२ साली भरती झाला व दुसऱ्या बटालियनबरोबर ब्रह्मदेशात गेला. मागे तरुण पत्नी राहिली. तिला अक्षर येत नव्हते. टपालवाला वस्तीत येत नसे. वस्तीबाहेरच्या एका दगडावर पत्र ठेवून तो हाक मारी आणि निघून जाई. मनीऑर्डरीवर अंगठा घेतानाही पैसे वरून टाकी. पत्र वाचून घेण्यासाठी तिला तीन कोस चालून मिशनच्या शाळेतील मास्तरांकडे जावे लागे. एकदा पाच महिने पत्र आले नाही. त्या पाच महिन्यांत ती रोज त्या दगडापर्यंत जाऊन येई. माणूस १९४६ साली जिवंत परतला. नोकरी अल्प मुदतीची, म्हणून पेन्शन नाही. हाती थोडी रक्कम, एक डिस्चार्ज बुक, दोन पदके, आणि पलटणीतील जेवणाची एक ताटली. तो मुंबईस गोदीत कामाला लागला.

१९५७ साली त्यांच्या गावाने धम्मदीक्षा घेतली. घरोघरच्या देव्हाऱ्यांतील टाक आणि मूर्ती टोपल्यांत भरून नदीत सोडण्यात आल्या. या बाईनेही टोपली भरली. देवांबरोबर तिने धन्याच्या पेटीतील कागदही टाकले. तिला कोणीतरी सांगितले होते की त्या कागदांवर जुनी जात लिहिलेली आहे, आणि आता ती जात आपली राहिली नाही. टोपली धरून तिच्याबरोबर नदीवर गेलेला आठ वर्षांचा मुलगा आज पंचाहत्तरी ओलांडलेला गृहस्थ आहे. त्यांनीच मला हे सांगितले. ते म्हणाले, "आई फार आनंदात होती, वकीलसाहेब. परत येताना ती गात होती." वडील सुटीवर घरी आले, त्यांनी पेटी उघडली, रिकामी पाहिली, आणि बायकोला एक शब्दही बोलले नाहीत. फक्त त्या रात्री ते जेवले नाहीत.

त्या बाईला मी चूक म्हणू शकत नाही. हजारो वर्षांचा विटाळ तिने एका टोपलीत भरून वाहत्या पाण्यात सोडला होता. तिला कायदा कोण सांगणार होते?

यानंतर साठांहून अधिक वर्षे गेली. त्या सैनिकाच्या पणतवाला तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश मिळाला आणि जातप्रमाणपत्राच्या पडताळणीचा प्रश्न उभा राहिला. पडताळणी समितीने १९५० पूर्वीचा पुरावा मागितला. साधारणतः असा पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातील नोंद. परंतु हा सैनिक गावच्या शाळेत कधी गेलाच नव्हता. तो लिहायला शिकला पलटणीत. जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही. महसूल दप्तरातील जन्ममृत्यूची पाने वाळवीने खाल्लेली. मानखुर्दला येण्यापूर्वी हे कुटुंब रेल्वेरुळालगतच्या झोपडीत राहात होते. २६ जुलै २००५ च्या महापुरात उरलेसुरले कागदही भिजून लगदा झाले. एका सबंध भारतीय सैनिकाच्या घराण्याजवळ तो सैनिक अस्तित्वात होता याचा एक चिटोरा उरला नाही.

मी त्यांच्या घरी बसलो असता आजीबाईंनी, म्हणजे त्या मुलाच्या आजीने, मला ताटलीतून पोहे आणून दिले. जुनी, जड ताटली. रिकामी करून सहज उलटली, तर तिच्या पाठीवर खिळ्याने कोरलेले आकडे होते. सैनिक क्रमांक! पलटणीत ताटल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्याने तो कोरला असावा. स्वयंपाकघरातील वस्तू म्हणून ती टोपलीतून वाचली होती. त्या क्रमांकावरून मी सागर येथील महार रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयास पत्र लिहिले. चार महिन्यांनी उतारा आला. त्यात सैनिकाचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, आणि १९४२ सालची भरतीची तारीख होती. ते पाकीट उघडले तेव्हा पंचाहत्तरीचे ते गृहस्थ आपल्या वडिलांच्या नावावरून बराच वेळ बोट फिरवीत राहिले. प्रमाणपत्र वैध ठरले. परंतु मधल्या काळात मुलाचे एक वर्ष गेले, ते कोणी परत दिले नाही.

आता कलमांकडे वळतो. पंखा बंद करू नका, थोडक्यात सांगतो.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शीख आले. बाबासाहेबांबरोबर धम्मात आलेल्या लक्षावधी लोकांच्या सवलती त्यामुळे केंद्राच्या पातळीवर गेल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य शासनाने नवबौद्धांना त्या दिल्या, पण केंद्रात हा हक्क मिळण्यास १९९० ची घटनादेश दुरुस्ती व्हावी लागली. या ३४ वर्षांत किती मुलांच्या नोकऱ्या गेल्या असतील! तेव्हा आज दीक्षा घेणाऱ्याचा अनुसूचित जातीचा हक्क धम्मदीक्षेमुळे जात नाही, ही पहिली गोष्ट. परंतु आपण किंवा आपले पूर्वज आदेशात नमूद असलेल्या जातीचे होते हे दाखवावे लागते, ही दुसरी. आणि २००० च्या महाराष्ट्र जातप्रमाणपत्र अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे ते सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे, ही तिसरी. आपले कुटुंब १० ऑगस्ट १९५० रोजी वा त्यापूर्वीपासून या राज्यात राहात होते हेही दाखवावे लागते. घटनेपूर्वीच्या जुन्या कागदाला अधिक वजन असते, कारण तो लिहिला गेला तेव्हा कोणाला आरक्षणाची कल्पनाही नव्हती. म्हणूनच १९४२ साली एका लष्करी कारकुनाने पणजोबांना ओळीत उभे करून जे चार रकाने भरले, ते आज न्यायासनापुढे बोलतात.

तुमच्यापैकी एखादा तरुण विचारील, आणि त्याने विचारावेच, की जात सोडली तर तिचा कागद कशासाठी जपायचा? बावीस प्रतिज्ञांशी हे विसंगत नाही का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला असे वाटते की दरोडा पडलेल्या घराचा मालक पंचनामा फाडून टाकीत नाही. त्या कागदावरील जात ही आपण स्वतःला दिलेली ओळख नव्हे. आपल्यावर काय लादले होते याची ती सरकारी कबुली आहे. तथापि हे उत्तर सर्वांचे समाधान करील असा माझा दावा नाही. एका भगिनीने मला सांगितले की मुलाच्या दाखल्यावर तो शब्द वाचताना आजही तिच्या अंगावर काटा येतो. तिचा काटा खरा आहे. धर्माच्या रकान्यात निःशंकपणे 'बौद्ध' लिहावे. आणि अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्यांसाठी प्रमाणपत्राचा जो स्वतंत्र नमुना आहे, त्याच नमुन्यात अर्ज करावा. रागाच्या वा आनंदाच्या भरात जात बदलून भलतेच काही लिहू नये, कारण पुढे दोन कागदांत विसंगती दिसली की समिती प्रथम संशय घेते.

भगिनींना माझी खास विनंती आहे. देव्हारा रिकामा करा. पण कागदांची पेटी वेगळी ठेवा. घर बदलताना, पुनर्वसनाच्या इमारतीत जाताना, ती पेटी सामानाच्या टेम्पोत न टाकता हातात घेऊन जा. घरातील वृद्धांना विचारा: आपल्यातील कोणी पलटणीत होते काय, गोदीत, रेल्वेत, गिरणीत होते काय? पलटणीचे नाव आणि क्रमांक लिहून घ्या. पदक असेल तर त्याच्या कडेवर पाहा. भांड्याच्या पाठीवर, ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूस पाहा. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे, तेथे चौकशी करता येते. दुसऱ्या महायुद्धातील पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासन मानधन देते, हेही पुष्कळांना माहीत नसते. आणि नाव लिहून घेताना त्या सैनिकाच्या पत्नीचेही नाव लिहा. मी सांगितलेल्या हकीकतीतील बाईचे नाव मला लष्करी उताऱ्यात मिळाले नाही, तेथे नुसता 'पत्नी' एवढाच रकाना होता. ते मला तिच्या मुलाकडून मिळाले.

पुढील रविवारी सकाळी १० वाजल्यापासून मी याच विहारात बसणार आहे. ज्यांच्याजवळ जुने कागद आहेत त्यांनी ते घेऊन यावेत. आधी कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांची छायाप्रत काढावी, आणि मूळ कागद लॅमिनेट मात्र करू नये, कारण लॅमिनेट केलेल्या जुन्या कागदाची शाई व शिक्के तपासता येत नाहीत. ज्यांच्याजवळ काहीच नाही, त्यांनीही यावे. येताना घरातील सर्वांत वृद्ध माणसाला बरोबर आणावे.

जयभीम.